भंडाऱ्यावरून गेलेली सावली

ग्रहण हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पंचांगांत त्याच्या वेळा दिलेल्या असतात, घरांतील वडीलधारीं माणसें त्याचे वेध पाळतात, आणि स्पर्श, मध्य व मोक्ष केव्हां हें लहान मुलांनाहि पाठ असतें. पिधान हा ग्रहणाचाच धाकटा भाऊ. परंतु त्याची ओळख फारशा घरांत नाहीं. चंद्र आपल्या मार्गानें जातां जातां रोहिणीच्या किंवा मघेच्या ताऱ्यावर येतो. तारा चंद्राच्या काळ्या कडेला टेकतो आणि समईवर फुंकर घालावी तसा एका क्षणांत नाहींसा होतो. पाऊण तासानें किंवा तासानें तो दुसऱ्या बाजूस तितक्याच अचानक प्रकट होतो. एका आकाशस्थ गोलानें दुसऱ्याला असें झांकून टाकणें, याचें नांव पिधान. चंद्रानें केलेलें पिधान नुसत्या डोळ्यांनीं पाहतां येतें. आज मी ज्या पिधानांविषयीं बोलणार आहें, तीं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. सूर्यमालेच्या दूरच्या सीमेवर, जेथें ऊन पोंचतें पण ऊब पोंचत नाहीं, अशा ठिकाणीं फिरणाऱ्या गोठलेल्या गोलांनीं केलेलीं तीं पिधानें होत. अशाच एका पिधानाची सावली भंडारा जिल्ह्यावरून जाऊन गेली आहे. प्रथम तिचीच हकीकत सांगतों.

१९७७ सालचा मार्च महिना होता. होळी नुकतीच होऊन गेली होती. लोकसभेची निवडणूक पांचसहा दिवसांवर येऊन ठेपली होती, आणि गांवोगांव रात्रीं उशीरापर्यंत चर्चा चालल्या होत्या त्या तिच्याच. त्या महिन्याच्या १० तारखेच्या रात्रीं, मध्यरात्र उलटल्यावर, युरेनस हा ग्रह तूळ राशींतील एका ताऱ्यापुढून जाणार होता. युरेनस म्हणजे आपलीं पंचांगें ज्याला हर्षल म्हणतात तो. ताऱ्याला मात्र नांव नाहीं. तारकांच्या एका मोठ्या यादींत एस्. ए. ओ. १५८६८७ एवढाच त्याचा पत्ता आहे. नुसत्या डोळ्यांना जो अंधुकांतला अंधुक तारा दिसतो, त्याच्याहूनहि तो दहापटींपेक्षां अधिक मंद आहे. असा हा नगण्य तारा त्या एका रात्रीपुरता जगांतील ज्योतिर्विदांच्या दृष्टीनें फार मोलाचा झाला होता.

कारण असें कीं, युरेनस त्याला झांकील तेव्हां ग्रहाचा व्यास आणि त्याचें वातावरण यांचें अचूक मापन करण्याची संधि मिळणार होती. तमिळनाडूंतील जवादी डोंगरांत कावळूर येथें १०२ सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्यापाशीं जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हे दोघे बसले होते. उत्तरेस नैनीतालच्या वेधशाळेंत १०४ सेंटीमीटरची दुर्बीण घेऊन महरा व गुप्ता हे सज्ज होते. आणि दक्षिण हिंदी महासागरावर, समुद्रसपाटीपासून सुमारें बारा किलोमीटर उंचीवरून, अमेरिकेचें एक विमान पोटांत दुर्बीण घेऊन उडत होतें. त्यांत जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम व डग्लस मिंक हे तिघे होते.

आतां आपण भारताचा नकाशा पुढें घ्यावा. कावळूरचा रेखांश ७८.८, नैनीतालचा ७९.५, आणि भंडाऱ्याचा ७९.६५. तिन्हीं गांवें जवळजवळ एका उभ्या रेषेवर आहेत. अक्षांश पाहावे तर कावळूर साडेबारा अंशांवर आणि नैनीताल एकोणतीस अंशांच्या किंचित् वर. या दोहोंचा मध्य काढला तर तो २१ अंश येतो, आणि भंडारा शहर २१.१७ अंशांवर वसलेलें आहे! दोरी ताणून मध्यावर गांठ मारावी, तसें भंडारा या दोन वेधशाळांच्या बरोबर मध्यें येतें. उत्तरेकडे नऊशें किलोमीटर, दक्षिणेकडे साडेनऊशें. हा निव्वळ भूगोलाचा योगायोग आहे. त्यांत दैवी संकेत वगैरे शोधण्याचें कारण नाहीं. पण त्यामुळें एक गोष्ट निश्चितपणें म्हणतां येते. जी सावली त्या रात्रीं कावळूरवरून गेली आणि नैनीतालवरूनहि गेली, ती मधल्या भंडाऱ्याला वगळून जाणें शक्यच नव्हतें.

कसली सावली, असें आपण विचाराल. कारण युरेनसची स्वतःची सावली तर भारताच्या पुष्कळ दक्षिणेकडून निघून गेली. भारतांतून प्रत्यक्ष ग्रहानें केलेलें पिधान दिसलेंच नाहीं. परंतु ग्रह ताऱ्याजवळ पोंचण्याच्या पुष्कळच आधीं ताऱ्याचें तेज अकस्मात् कांहीं सेकंद खालीं गेलें आणि पुन्हा पूर्ववत् झालें. विमानांतील मंडळींना असे एकापाठोपाठ एक पांच झटके दिसले. पुढें ग्रहानें तारा झांकला, सोडला, आणि नंतर दुसऱ्या बाजूला तसेच झटके उलट क्रमानें पुन्हा आले. तारा लुकलुकला तर ढगाचा संशय यावा, यंत्राचा संशय यावा. पण ढग असा दोन्ही बाजूंना मोजून मापून येत नाहीं. युरेनसभोंवतीं कडीं होतीं. शनीखेरीज दुसऱ्या कोणत्याहि ग्रहाला कडें असल्याचें तोंपर्यंत कोणालाहि ठाऊक नव्हतें.

या ठिकाणीं सावलीचें गणित थोडें समजून घेतलें पाहिजे. तें अवघड नाहीं. कंदिलापुढें हात धरला तर भिंतीवर हाताची सावली हाताहून कितीतरी मोठी पडते, कारण दिवा जवळ असतो आणि त्याचे किरण पसरत जातात. दिवा जसजसा दूर न्यावा, तसतशी सावली लहान होत हाताच्या मापाला येते. तारा हा इतका दूरचा दिवा आहे कीं त्याचे किरण आपल्यापर्यंत येतांना समांतरच मानावे लागतात. म्हणून ताऱ्याच्या प्रकाशांत पडणारी एखाद्या गोलाची सावली त्या गोलाएवढीच असते, मोठी नाहीं कीं लहान नाहीं. कोट्यवधि मैलांवरील वस्तूचें पूर्ण मापाचें चित्र, जणुं छाप मारावा तसें, आपल्या अंगणावरून सरकत जातें. सावली मोजली कीं वस्तु मोजली! या सर्व विद्येचें मर्म एवढेंच आहे.

युरेनसच्या सर्वांत बाहेरच्या ठळक कड्याचा व्यास एक लक्ष किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. आपल्या पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार. तेव्हां या कड्यांच्या सावलीखालीं सबंध भारत सहज आला. पवनीच्या जुन्या किल्ल्यावरून, तुमसरच्या धान्यबाजारावरून, वैनगंगेच्या वाळवंटावरून ती एकामागून एक रेषा ओढीत गेली. प्रत्येक रेषा कांहीं सेकंदांची. सर्वांत रुंद कड्यालाहि दहा सेकंद लागले नाहींत. या सावलीनें कोणाचें आंगण काळवंडलें नाहीं, कारण तिनें आपल्या आकाशांतील सहस्रावधि ताऱ्यांपैकीं एकाच मंद ताऱ्याचा प्रकाश अडविला होता. त्या वेळीं भंडाऱ्यांत कोणी हौशी माणूस साधी दुर्बीण लावून बसला असता, तरी त्यालाहि कांहीं उमगलें नसतें, असें माझें मत आहे. ताऱ्याशेजारीं युरेनस स्वतः कितीतरी अधिक तेजस्वी होता. दोघांच्या एकत्र प्रकाशांतून ताऱ्याचा अल्प वांटा क्षणभर वजा झाला, तर तें डोळ्याला कळत नाहीं. त्याला प्रकाश मोजणारें विद्युत्‌यंत्रच लागतें. विमानांतील शास्त्रज्ञांनीं तर तांबड्यापलीकडचा असा एक रंग निवडला होता कीं ज्या रंगाचा प्रकाश युरेनसवरचा मिथेन वायु स्वतःच गिळून टाकतो. तेणेंकरून ग्रह काळवंडला आणि तारा उठून दिसला.

कावळूरच्या नोंदीची कथा मला विशेष मननीय वाटते. भट्टाचार्य व कुप्पुस्वामी यांच्या यंत्राच्या पट्टीवर एक ठळक खांच उमटली होती. तिचा अर्थ त्यांनीं असा लावला कीं, युरेनसच्या एखाद्या नव्या, अज्ञात उपग्रहानें ताऱ्याला झांकलें असावें, आणि तसें त्यांनीं प्रसिद्धहि केलें. यावरून त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. विमानांतील मंडळींनींहि आरंभीं लहान उपग्रहांच्या एका पट्ट्याचीच कल्पना केली होती. दोन्ही बाजूंच्या खांचा एकमेकींसमोर मांडून जुळवून पाहिल्यावर त्यांना कड्यांचा उलगडा झाला. कावळूरला ग्रहानें तारा झांकल्याचा मधला टप्पाच दिसलेला नव्हता. अशा स्थितींत एका खांचेवरून माणसानें उपग्रह म्हणावें हेंच स्वाभाविक होतें. पण पट्टी जपून ठेविली होती. त्याच वर्षीं भट्टाचार्य आणि वेणु बाप्पू यांनीं ती पुन्हा तपासली, आणि युरेनसभोंवतीं शनीसारखी कड्यांची रचना असल्याचा आपला पुरावा मांडला. प्रथम लावलेला अर्थ टिकला नाहीं, नोंद टिकली. पुढें १९८६ च्या जानेवारींत व्हॉयेजर-२ हें यान युरेनसजवळून गेलें आणि त्यानें या कड्यांचीं छायाचित्रें पाठविलीं. कोळशासारखीं काळीं, आणि बहुतेक तर केवळ कांहीं किलोमीटर रुंद अशीं तीं कडीं आहेत. आज त्यांची संख्या तेरा मानतात. पृथ्वीवरून त्यांचें प्रतिबिंब दुर्बिणींत पाहण्याची खटपट केली असती, तर तीं आणखी कित्येक वर्षें सांपडलीं नसतीं. त्यांना उघडें पाडलें तें त्यांच्या सावलीनें.

आतां युरेनसच्याहि पलीकडे जाऊं. प्लूटोचा विषय निघाला म्हणजे मराठी माणसाला व्यंकटेश बापूजी केतकर यांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. केतकी ग्रहगणित लिहिणारे हे ज्योतिर्विद. १९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकांत त्यांचा लेख आला. त्यांत नेपच्यूनच्या पलीकडे एक ग्रह असावा, सूर्यापासून त्याचें अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारें ३९ पट असावें आणि त्याची प्रदक्षिणा सुमारें २४२ वर्षांत होत असावी, असें त्यांनीं वर्तविलें. १९३० सालीं प्लूटो सांपडला. त्याचें सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आणि प्रदक्षिणाकाल २४८ वर्षें! हें साम्य विलक्षण आहे, आणि आपल्याकडे तें अभिमानानें सांगितलेंहि जातें. तथापि खरें बोलावयाचें तर, ज्या रीतीनें केतकरांनीं हा आंकडा काढला ती रीत आज कोणी आधारभूत मानीत नाहीं, आणि प्लूटो इतका हलका आहे कीं त्यानें दुसऱ्या ग्रहांना ओढून आपला सुगावा लागूं देणें संभवनीय नव्हतें. अभिमान बाळगावा तो बागलकोटसारख्या आडबाजूच्या गांवीं अध्यापन करणारा एक माणूस पॅरिसच्या विद्वानांशीं बरोबरीच्या नात्यानें बोलत होता, याचा.

प्लूटो सांपडला, पण तो केवढा आहे हें मात्र पुढें पन्नास वर्षें कळेना. कां कळेना याची कल्पना येण्यासाठीं एक उदाहरण घेतों. भंडाऱ्यास कोणी दहा रुपयांचें नाणें हातांत धरून उभें राहिलें आणि आपण तें नागपुराहून पाहूं लागलों, तर तें जेवढें दिसेल तेवढा प्लूटो पृथ्वीवरून दिसतो. नाण्यावरचीं अक्षरें तर राहोंतच. तें वाटोळें आहे हेंहि कळणें दुरापास्त. मग त्याच्या भोंवतीं हवा आहे कीं नाहीं हें कसें ठरवावें? पिधानानें ठरतें. गोल जर उघडाबोडका असेल तर तारा चट्कन विझतो. पण त्याच्यावर हवेचें पातळ आवरण असेल, तर त्या हवेंतून जातांना ताऱ्याचे किरण वांकतात व पसरतात, आणि तारा हळूहळू मावळतो. रॉकेलच्या दिव्याची वात खालीं करावी तसा. १९८८ च्या जून महिन्यांत प्लूटोनें एक तारा झांकला, तेव्हां तो असा सावकाश मावळला आणि सावकाश उगवला. प्लूटोला हवा आहे हें त्या दिवशीं निर्विवाद झालें. ती मुख्यतः नायट्रोजनची असून, तिचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या मानानें लक्षांशाच्या आसपास आहे.

येथून पुढची कथा मोठी चमत्कारिक आहे. १९८९ नंतर प्लूटो सूर्यापासून दूर दूर जाऊं लागला. दूर गेला म्हणजे अधिक थंड होणार, आणि त्याची हवा गोठून जमिनीवर हिमरूपानें पडणार, ही सर्वांची अटकळ. पण पिधानामागून पिधान पाहावें तों हवेचा दाब वाढतच चाललेला! १९८८ पासून २०१५ पर्यंत तो जवळजवळ तिप्पट झाला. २०१५ च्या जुलैंत न्यू होरायझन्स यान तेथें पोंचलें आणि त्यानें स्वतः मोजलेला दाब पिधानांवरून काढलेल्या दाबाशीं जुळला. नायट्रोजनच्या बर्फाचें एक अफाट मैदान प्लूटोवर आहे. उन्हाळ्यांत दुपार टळून गेल्यावरहि फरशी तापलेली राहते, त्याप्रमाणें तें मैदान सूर्य दूर गेल्यावरहि वायु सोडीत राहतें, असें आतां मानतात. मग उतरती कळा लागणार केव्हां? यान तर एकदां जवळून गेलें तें गेलेंच, परत यावयाचें नाहीं. पुढचें सर्व कळणार तें सावल्यांवरूनच. जपानी शास्त्रज्ञांनीं जुलै २०१९ मधील एका पिधानावरून दाब सुमारें एकपंचमांशानें घटल्याचें सांगितलें. तें खरें असेल तर प्लूटोची हवा डोळ्यांदेखत गोठूं लागली होती. दुसऱ्याच वर्षीं, ६ जून २०२० रोजीं, टाळेबंदीच्या त्या दिवसांत, नैनीतालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर व १.३ मीटर व्यासांच्या दोन दुर्बिणींनीं प्लूटोचें आणखी एक पिधान टिपलें. दाब निघाला सुमारें १२ मायक्रोबार, म्हणजे २०१५ सालीं होता तेवढाच. हवा अद्याप टिकून आहे, असा या वेधाचा कौल पडला. देवस्थळची ही वेधशाळा १९७७ सालीं नैनीतालहून युरेनस पाहणाऱ्या संस्थेचीच आहे. आणि देवस्थळचा रेखांश भंडाऱ्याच्या रेखांशाशीं जवळजवळ तंतोतंत जुळतो, हें जातां जातां सांगून ठेवतों.

प्लूटोच्या आसपास आणि पलीकडे असे गोठलेले गोल हजारोंनीं आहेत. एरिस हा त्यांतला एक. तो प्लूटोहून मोठा असावा या समजुतीनेंच ग्रह कोणाला म्हणावें हा वाद पेटला, आणि २००६ सालीं प्राग येथें प्लूटोचें ग्रहपद गेलें. नोव्हेंबर २०१० मध्यें चिली देशांतील दोन ठिकाणांहून एरिसचें पिधान दिसलें, तेव्हां त्याचा व्यास २३२६ किलोमीटर निघाला. प्लूटोचा व्यास २३७७. म्हणजे ज्याच्यामुळें पदच्युति झाली तोच किंचित् लहान होता! २०१३ सालीं शनि व युरेनस यांच्या दरम्यान फिरणाऱ्या कारिक्लो नांवाच्या, जेमतेम अडीचशें किलोमीटरच्या पिंडाभोंवतीं दोन कडीं सांपडलीं. २०१७ सालीं हाऊमियाभोंवतीं एक सांपडलें, आणि २०२३ सालीं क्वावार नांवाच्या गोलाभोंवतीं तर अशा अंतरावर कडें असल्याचें जाहीर झालें कीं जेथें कड्यांतील खडे एकत्र येऊन त्यांचा उपग्रहच बनावयास हवा होता. तो कां बनला नाहीं, याचें पटण्यासारखें उत्तर अजून कोणीं दिलेलें नाहीं. यांपैकीं एकहि कडें प्रथम छायाचित्रांत दिसलेलें नाहीं. सर्व सांपडलीं तीं ताऱ्यांच्या क्षणिक मंदावण्यांतून.

या उद्योगांत मोठी अडचण असते ती सावली नेमकी कोठें पडणार हें आधीं सांगण्याची. ताऱ्याचें किंवा प्लूटोचें स्थान सांगतांना, मघांच्या त्या नागपुराहून दिसणाऱ्या नाण्याच्या रुंदीएवढी चूक झाली, तर सावली चोवीसशें किलोमीटर सरकते. भंडाऱ्यावर म्हणून सांगितलेली सावली विषुववृत्तावर जाऊन पडते! युरोपच्या गाया या कृत्रिम उपग्रहानें शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचीं स्थानें अतिशय सूक्ष्मतेनें मोजलीं, आणि २०१६ पासून त्याच्या याद्या प्रसिद्ध होऊं लागल्या, तेव्हांपासून हीं भाकितें खूपच भरंवशाचीं झालीं आहेत.

तरीहि लहान पिंडांच्या बाबतींत नशीब लागतेंच. न्यू होरायझन्स यान प्लूटोनंतर ज्या पिंडाकडे जावयाचें होतें, त्या आरोकोथची लांबी अवघी छत्तीस किलोमीटर आहे. यान पोंचण्यापूर्वीं त्याचा आकार कळावा म्हणून २०१७ च्या जून महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंत आणि अर्जेंटिनांत दुर्बिणींची रांग लाविली गेली; एकीलाहि कांहीं दिसलें नाहीं. पुन्हा १७ जुलैला अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडील ओसाड, वादळी मुलुखांत चोवीस दुर्बिणी मांडल्या. त्या रात्रीं तेथील नगरपालिकेनें रस्त्यांवरचे दिवे मालविले, हमरस्ता दोन तास बंद ठेवला, आणि मालवाहू मोटारी आडव्या उभ्या करून दुर्बिणींना वाऱ्यापासून आडोसा केला. चोविसांपैकीं पांच दुर्बिणींत तारा विझला. त्या पांच नोंदींवरून पिंड एकसंध गोल नसून दोन गोळे चिकटल्यासारखा असावा असा अंदाज बांधला गेला, आणि १ जानेवारी २०१९ रोजीं यान जवळून गेलें तेव्हां चित्र तसेंच निघालें. मला या हकीकतींत यानापेक्षां त्या दिवे मालविणाऱ्या गांवाचें कौतुक अधिक वाटतें.

असाच एखादा छत्तीस किलोमीटरचा पिंड भंडारा जिल्ह्यावरून सावली टाकीत गेला तर काय होईल, हें आतां मांडून पाहूं. मोठ्या वेधशाळेच्या एकाच दुर्बिणीनें हें काम होत नाहीं. येथें पसरलेलीं माणसें हवींत. तुमसरपासून पवनीपर्यंत दक्षिणोत्तर अंतर सुमारें ६५ किलोमीटर आहे, आणि अशा सावल्या बहुधा पूर्वपश्चिम धांवतात. त्यांचा वेग सेकंदाला वीस पंचवीस किलोमीटर असतो. म्हणजे जिल्ह्याच्या एका शिंवेपासून दुसऱ्या शिंवेपर्यंत तीन सेकंदांत प्रवास पुरा. कोणा एका ठिकाणीं तारा विझून राहील तो जास्तींत जास्त दीड दोन सेकंद. यासाठीं आज लागतें काय? आठ दहा इंची दुर्बीण, तिला जोडलेला चांगला डिजिटल कॅमेरा, आणि अचूक वेळ. या तिहींत वेळ सर्वांत महत्त्वाची. दशांश सेकंदाची चूक झाली तर सावलीची कड दोन अडीच किलोमीटर भलतीकडे जाते. जुने हौशी निरीक्षक रेडिओवरील वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावीत. आज मोबाइलवर ऐकूं येणारा रेडिओ कांहीं सेकंद मागाहून पोंचतो, म्हणून त्यावर विसंबूं नये, जी. पी. एस्. उपग्रहांकडून मिळणारी वेळ थेट चित्रावरच उमटविणारीं साधनें मिळतात, तीं वापरावींत. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यावे. तलावांच्या या जिल्ह्यांत कार्तिकापासून पुढें आकाश उत्तम असतें, पण पाण्याच्या कांठीं दुर्बिणीच्या भिंगावर दंव धरतें. तेव्हां भिंगाभोंवतीं ऊब देणारी पट्टी गुंडाळणें बरें. आणि पश्चिमेकडे नागपूरच्या दिव्यांची झांक असते, म्हणून पूर्वेकडे, साकोली लाखांदूरच्या बाजूस, एखादें ठाणें ठेवावें.

समजा, अशा रात्रीं तुमसर, मोहाडी, भंडारा, अड्याळ व पवनी येथें पांच जण बसले. मोहाडीला तारा एक सेकंद विझला. भंडाऱ्यास दीड सेकंद विझला. तुमसरला विझला नाहीं, अड्याळला विझला नाहीं, पवनीलाहि विझला नाहीं. मोहाडी व भंडारा येथल्या दोन नोंदींवरून पिंडाच्या आरपार दोन रेषा मिळतात, आणि प्रत्येक रेषेची लांबी वेळेवरून निघते. पण पिंड उत्तरेस व दक्षिणेस कोठें संपतो, हें त्या दोघांना सांगतां येत नाहीं. तें सांगतात तुमसरचा व अड्याळचा माणूस. पिंड या दोन गांवांच्या आंतच बसला पाहिजे. पवनीचा माणूस तर आणखी एक काम करतो. कारिक्लोला जसें कडें निघालें तसें या पिंडाला असलें, तर मुख्य सावली चुकली तरी त्या कड्याची बारीकशी खांच त्याच्याच चित्रांत उमटण्याचा संभव. म्हणून सावली टळून गेल्यावरहि त्यानें यंत्र लगेच बंद करूं नये. आधींचीं पांच दहा मिनिटें व नंतरचीं पांच दहा मिनिटें चित्रण चालूं ठेवावें, आणि तारा अखंड दिसत राहिला असेल तर 'अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत तारा अखंड दिसला' अशी नोंद तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश यांसह इतरांच्या नोंदींबरोबरच पाठवावी.